डाव्या हुकाचे दोन हार

सगळ्यात आधी आली ती माझी नणंद. मी वाट बघत होते कारकूनसाहेबांची, त्यामुळे बेल वाजल्यावर चष्मा शोधत शोधत दार उघडलं, तर समोर ह्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत खोकं, आणि तोंड असं की जणू वीज कापायला आल्या आहेत. आमच्या दारात त्या शेवटच्या उभ्या राहिल्या त्या आमचे हे गेले तेव्हा, आणि तेव्हाही चहा न घेता गेल्या होत्या.

"आत ये म्हणशील का इथूनच परत पाठवशील, वहिनी?"

"या की वन्सं. तुमच्यासाठी काय वेगळं दार बसवायचंय?"

पण कारकूनसाहेब म्हणतात, काकू, मृत्युपत्र असं सुरू होत नसतं. आधी जाहीर करा, मग काय गप्पा मारायच्या त्या मारा. ते तळमजल्यावर राहतात, उभा जन्म कोर्टात गेला, तेव्हा त्यांचं ऐकायला हवं. तर जाहीर करते.

मी, खाली सही करणारी, एका लेकीची आई, एका नातीची आजी आणि नाटकवाल्यांचे दागिने घडवणाऱ्या कारागिराची बायको, सत्तरी केव्हाच ओलांडलेली, असं लिहून ठेवते की माझं डोकं जागेवर आहे, डावा कान सोडला तर बाकीचं सामानही जागेवर आहे, आणि हे लिहिताना माझ्यावर कुणाचा दाब नाही. उलट मला आवरायलाच दोन माणसं समोर बसली आहेत. शाळेत मी चौथीपर्यंत गेले, तीही नीट नाही, म्हणून अक्षराला कुणी हसू नये. मागच्या वर्षी निळ्या शाईनं केलेलं मृत्युपत्र मी आज रद्द करते. त्यातलं घराचं कलम चांगलं होतं, पैशाचं चांगलं होतं. नणंदेचं वाईट होतं. यांची हत्यारं भंगारात गेली तरी चालतील पण नणंदेच्या घरी जाऊ नयेत, असं मी त्यात लिहिलं होतं, आणि खाली दोनदा रेघ मारली होती. ते का बदललं ते सविस्तर लिहिते, नाहीतर माझ्यामागे लोक म्हणतील, म्हातारीला शेवटी कुणीतरी गोड बोलून गुंडाळलं.

कलम पहिलं, घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि यांची कामाची फळी असलेली बाल्कनी, हे सगळं माझ्या लेकीचं. ती शाळेची बस चालवते आणि घरही बस चालवल्यासारखं चालवते, म्हणजे सगळे बसले का बघितल्याशिवाय हलत नाही. न्हाणीघराचा नळ डावीकडे थोडा जास्त फिरवावा लागतो, हे तिला माहीत आहे. जावयाला अजून माहीत नाही, म्हणून इथे लिहिलं.

कलम दुसरं, पैसे. बँकेत ठेव आहे. अर्धी लेकीला, अर्धी नात मोठी झाली की नातीला. त्यातून तिनं पुस्तकं घ्यावीत, प्रवास करावा, काय वाटेल ते करावं. सोनं घ्यावंसं वाटलं तर फोनवरच्या लिलावात घेऊ नये, आणि घेतलंच तर कलम तिसरं दोनदा वाचून घ्यावं.

कलम तिसरं, माझी अक्कल. ही मी बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना सारखी वाटून ठेवते, भांडू नये.

लेक दुपारची फेरी घेऊन गेली की बाकीच्या मालिका बघतात आणि मी लिलाव बघते. घ्यायला नाही, बघायला. लेकीनं खातं उघडून दिलं तेव्हा त्यांनी टोपणनाव मागितलं. मी म्हटलं, घाल भुंगा. आमचे हे मला भुंगा म्हणायचे, कारण माझी कानाशी सारखी भुणभुण. दुसऱ्या कुणी मला त्या नावानं हाक मारली नाही, आणि मारली असती तर मी ओ दिली नसती. सोन्यातलं मला आधी ओ की ठो कळत नव्हतं, कारण आमच्या घरात सोनं यायचं ते वाटीभर पाण्यातून, मुलाम्यापुरतं. जे शिकले ते म्हातारपणी, फसलेल्या बायकांच्या तक्रारी वाचून वाचून.

तर आधी वजन बघायचं. वजन लिहिलं नसेल तर पुढे वाचायचंच नाही. लिहिलं असेल तर विचारायचं, खड्यांसकट का खड्यांशिवाय, आणि पोकळ असेल तर आत काय भरलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवालीनं बांगड्या घेतल्या, खऱ्या सोन्याच्या, पण आत लाख. सोन्याच्या भावानं लाख घेतली बिचारीनं. आता ती बांगड्या वाजवून वाजवून सगळ्यांना सांगते, म्हणून मीही लिहायला हरकत नाही. मग शिक्का. दागिन्याचं एकेक पान फोटोत लख्ख दिसतं आणि शिक्का तेवढा धुक्यात असतो, असं का, हे विचारायचं. "सोनेरी" लिहिलेलं असेल तर तो रंग झाला, धातू नाही. "आजीचा दागिना" लिहिलेलं असेल तर आणखी सावध. जो उठतो तो आजीचा दागिना विकतो. तीन वेगवेगळ्या गावच्या आज्यांचे दागिने मी एकाच फुलाफुलांच्या टेबलक्लॉथवर बघितले आहेत. आणि पाठीमागचा फोटो मागायचाच मागायचा, तसाच हुकाच्या आतल्या बाजूचा, जिथे कडी घासते. मुलामा सगळ्यात आधी तिथून उडतो.

खरं सोनं असूनही महाग पडतं, ती गोष्ट वेगळी. त्या दिवशीचा भाव, सोन्याचा कस आणि वजन यांचा गुणाकार करायचा. मला येत नाही, फोनला येतो. त्यावर घडणावळ, लिलाववाल्यांचं कमिशन आणि पोस्टेज धरायचं. त्याच्याही वर जे मागतात ते गोष्टीचे पैसे. गोष्ट हवी असेल तर आमच्याकडे या, चहासकट फुकट आहे.

शेवटचं. लिलाव संपता संपता एकच कुणीतरी तुमच्याशी इरेला पेटला असेल, तर तो विकणाऱ्याचाच माणूस समजायचा, भाव चढवायला बसवलेला. फोन पालथा ठेवायचा आणि भाजी निवडायला घ्यायची.

हे सगळं मी स्वतः पाळते. एकदा पाळलं नाही. ते पाचव्या कलमात येतंय.

कलम चौथं, भिंग आणि छोटा वजनकाटा. भिंग नातीला. ती त्यातून मुंग्यांचे पाय बघते आणि मला हाका मारते, "आजी, हिनं मोजे घातलेत!" तिला सोनं दाखवायला हे भिंग वापरू नये, मुंग्याच ठीक आहेत. काटा लेकीला. फोन ज्याला हवा त्यानं घ्यावा, त्याची काच मीच फोडली आहे.

कलम पाचवं, हार. इथे कारकूनसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, काकू, थोडक्यात. मी म्हटलं, थोडक्यातच सांगते, तुम्ही बिस्किट घ्या.

आमचे हे नाटकांसाठी दागिने करायचे. मुकुट, बाजूबंद, हार, सगळं पितळेचं, वर सोन्याचं पाणी. शेवटच्या रांगेतून दिसण्यासाठी केलेलं काम, पण हे ते नाकाशी धरून करायचे. डावखुरे होते. त्यामुळे यांच्या दागिन्याचा हूक जगाच्या उलट, डावीकडे वळतो. नट्या वैतागायच्या, घालताना बोटं अडतात म्हणून.

वन्संचं लग्न ठरलं तेव्हा यांनी एकाच ठशांच्या संचातून दोन हार काढले. एक नाटकातल्या राणीचा, पितळेचा, आणि एक बहिणीचा, सोन्याचा. मी तेव्हा दवाखान्यातून नुकती घरी आले होते, लेक तान्ही, मांडीवर. दोन्ही हार बाल्कनीतल्या फळीवर शेजारी शेजारी पडलेले मी बघितले आहेत. उचलायला गेले तर हे म्हणाले, "हात लावू नकोस गं, दोन्हींचं पाणी अजून ओलं आहे."

लग्न झालं. वन्सं हार घालून सासरी गेल्या, सगळ्यांनी बघितला, नाव झालं. काही वर्षांनी त्यांच्या घरी अडचण आली, तेव्हा हार घेऊन सराफाकडे गेल्या. सराफानं दगडावर घासला आणि हसून परत दिला. पितळ.

त्या तिथून तडक इथे आल्या. चपला न काढता म्हणाल्या, "माझं सोनं वहिनीनं खाल्लं. माझ्या हारात हिनं अदलाबदल केली." मी कशाला ऐकून घेते? मी म्हटलं, सोनं तुमच्या यजमानांनी परस्पर विकलं असेल आणि राणीचा हार पैदा करून तुमच्या गळ्यात घातला असेल. मग दोघींनी यांच्याकडे बघितलं. हे उठले, फळीशी जाऊन बसले आणि घासायला काही नसताना कानस चालवत राहिले. मला वाटलं, बहिणीच्या मायेनं गप्प आहेत. वन्संना वाटलं, बायकोच्या धाकानं गप्प आहेत. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद. यांचे केस पांढरे झाले, लेकीचं लग्न झालं, हे गेले, तरी बंद.

तर मध्यंतरी लिलावात एक हार दिसला. "जुना, भरीव सोन्याचा, राजघराण्यातला." वजन नाही. शिक्का नाही. हुकाचा फोटो मागितला तर विकणाऱ्यानं लिहिलं, आणखी एका बाईंनीही हेच मागितलंय, तुम्हा बायकांना हुकाचं काय एवढं, आणि एक धूसर फोटो पाठवला. धूसर असला तरी हूक डावीकडे वळलेला होता. ती पानंही तीच, मधलं मोठं, दोन्हीकडे उतरत गेलेली. मला वाटलं, हाच तो सोन्याचा, जो विकला गेला. हा हातात आला की वन्संच्या दारात जाऊन उभी राहीन आणि म्हणेन, घ्या, आता शोधून काढा कुणी विकला ते.

समोर बोली लावणारं एकच होतं, नाव वाघीण सत्त्याहत्तर. मी वाढवली की वाघीण वाढवी. हा विकणाऱ्याचा माणूस आहे हे मला कळत होतं, फोन पालथा ठेवावा हेही कळत होतं, भाजी समोर पडलेली होती. हात ऐकेना. लेक दोन फेऱ्यांच्या मधे जेवायला आलेली. मागून डोकावून म्हणाली, "आई, एवढ्यात नवा फ्रिज येतो."

"येऊ दे."

"भरलेला येतो, आई!"

आणि फोन माझ्या हातातून काढून, पँटच्या खिशात घालून, बस घेऊन निघून गेली. हार वाघिणीला गेला. मी लेकीशी अबोला धरला. माझा अबोला म्हणजे काय हाल, ते मला ओळखणाऱ्यांनी ओळखावं.

आज वन्सं आत आल्या, खुर्चीवर टेकल्या आणि खोकं टेबलावर ठेवलं. पार्सल, चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही.

"वाघीण मी," म्हणाल्या.

मी म्हटलं, "आणि सत्त्याहत्तर कशाला?"

"नातवानं घातलं, मला काय माहीत कशाला! तू भुंगा ना? दादाशिवाय त्या नावानं तुला कुणी हाक मारली नाही. पहिल्या बोलीलाच ओळखलं मी. म्हटलं बघा, चोराला आपला माल परत पाहिजे."

"चोर कोणाला म्हणता हो? माझ्याच घरात बसून?"

"उघडल्यावर कळेल. घरी मुद्दाम उघडलं नाही. उघडताना तुझा चेहरा बघायचाय मला."

म्हणजे बघा, मी जो पुरावा वन्संच्या तोंडावर टाकायला घेत होते, तोच त्या माझ्या तोंडावर टाकायला घेत होत्या, आणि दोघींनी मिळून त्या विकणाऱ्याचं घर भरलं. सगळे नियम तोंडपाठ असलेल्या दोन बाया. त्या आणखी एका बाई, हुकाचा फोटो मागणाऱ्या, त्याही ह्याच.

मी कात्री आणली. कागदाचे बोळे, त्याखाली हार. वन्सं हाराकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मी भिंग घेतलं आणि सरळ हुकाच्या आत बघितलं. मुलामा उडालेला. खाली पितळ.

भिंग त्यांच्या हातात दिलं.

त्या बघत राहिल्या, हूक बोटानं फिरवून फिरवून. मग पिशवीतून एक रुमाल काढला, आणि रुमालातून स्वतःचा हार. इतकी वर्षं पितळेचा म्हणून ज्याला शिव्या घातल्या, तो असा जपलेला की एका पानाला डाग नाही. दोन्ही हार काट्यावर ठेवून बघितले. दोन्ही सारखे भरले. त्यातला एक जरी सोन्याचा असता तर तेवढ्याच आकाराला जवळजवळ दुप्पट भरला असता.

"म्हणजे हा राणीचा," वन्सं म्हणाल्या. राजघराण्यातला म्हणून लिहिलं होतं ते अगदीच काही खोटं नव्हतं, नाटकाचे तीन अंक राज्य केलं होतं त्या बाईनं. "आणि माझाही तसलाच. मग माझा खरा कुठंय, वहिनी?"

मी उठले आणि यांच्या पेटीतून मधल्या पानाचा ठसा आणला. आडवा तडकलेला आहे. ज्या दिवशी तडकला त्या दिवशी हे आत येऊन मला दाखवून गेले होते, "बघ, बरोबर दोन हारांपुरता टिकला, दुसऱ्याचं पान काढताना गेला." आम्ही दोघींनी माना जुळवून भिंगाखाली बघितलं. पार्सलमधल्या हाराच्या मधल्या पानावर केसासारखी रेघ उठली आहे. वन्संच्या पानावर रेघ नाही. म्हणजे फळीवर शेजारी शेजारी पडलेले ते दोन हार हेच. तिसरा कधी नव्हताच.

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "दोन्हींचं पाणी ओलं आहे." सोन्याच्या हाराला सोन्याचं पाणी कोण कशाला देईल?

"दादानं मला पितळ घालून सासरी पाठवलं?" वन्संचा आवाज एवढासा झाला. वाघीण वगैरे काही राहिली नाही, बाल्कनीत भावाशेजारी बसून भाता मारणारी पोर राहिली.

मी म्हटलं, "वन्सं, रेघ बघा ना. तडकलेला त्यांनी राणीला दिला. चांगला तुम्हाला."

त्यांनी रेघेवरून नख फिरवलं. मग म्हणाल्या, "पण त्यानं पैसे साठवले होते गं. माझ्या सोन्यासाठी. डबा मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय, भात्याच्या मागे असायचा. ते पैसे गेले कुठे?"

मला खरंच माहीत नव्हतं. तेवढ्यात लेक चहाचा ट्रे घेऊन आली. वन्सं तिच्याकडे बघायला लागल्या, आणि बघता बघता त्यांचा चेहरा बदलला.

"लग्नाच्या आधीचा महिना," त्या सावकाश म्हणाल्या. "तू दवाखान्यात होतीस. ही आडवी आली होती. तुझं पोट कापलं, मग रक्त थांबेना. दादा घरी यायचा तो फक्त कपडे बदलायला."

मला त्यातलं काही आठवत नाही, मी शुद्धीवरच नव्हते. नंतर एकदा विचारलं होतं, बिल फार झालं का हो? हे म्हणाले, "झालं ते भागलं." मी पुन्हा विचारलं नाही. मांडीवर पोर होती, मला कशाला बिलं सुचतात?

वन्संनी डोळे पुसले, रुमालानं नाही, तळहातानं. आणि म्हणाल्या, "म्हणजे वहिनी, माझं सोनं तूच खाल्लंस! मी काय खोटं बोलत होते?"

काय सांगू, इतक्या वर्षांचं ते वाक्य, त्यानं माझ्या किती दुपारी नासवल्या, आणि आज तेच ऐकून मला हसू फुटलं. हसू फुटलं ते रडण्यात गेलं, तिथून परत हसण्यात आलं. वन्संचं तेच. लेक ट्रे घेऊन उभी. "अहो, झालंय काय? कोण गेलं?"

"इकडे ये," वन्संनी तिचा दंड धरला. माझी लेक अंगानं चांगली आहे, बसचं दार लावून घेते ते एका हातानं. आत्यानं तो दंड दाबून बघितला, काट्याकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "भरीव आहे गं. पोकळ नाही."

"आत्या, हा टोमणा आहे का?"

"नाही गं बाई. माझं सोनं कुठे गेलं ते बघतेय."

मग त्यांनी रेघेचा हार उचलला आणि माझ्या मागे येऊन माझ्या गळ्यात घातला. हूक उलटा, पण त्यांची बोटं अडली नाहीत. यांच्या दागिन्यांवरच वाढलेली बोटं ती. "फ्रिज घाल गळ्यात," म्हणाल्या. फ्रिजची चुगली लेकीनं मघाशीच केली होती. हार मी अजून काढलेला नाही.

तेव्हा कलम पाचवं असं: रेघेचा हार माझ्यामागे लेकीचा. तो पितळेचा आहे, वर सोन्याचं पाणी आहे, आणि कधी विकायची वेळ आली तर असंच लिहून, वजन देऊन, हुकाच्या आतला स्वच्छ फोटो लावून विकावा. यांच्या हातच्या कामाच्या नावानं पुढे कुणी फसता कामा नये. बिनरेघेचा हार वन्संचाच आहे, त्याबद्दल मी लिहिणारी कोण.

एवढं होईपर्यंत कारकूनसाहेब आले होते आणि दारातच थबकले होते. सगळं ऐकल्यावर म्हणाले, तक्रार करा, माल परत पाठवा, पैसे मिळतात. वन्सं ताडकन म्हणाल्या, "दादाचा हार परत पाठवू? तुम्ही कोर्टात होतात ना?" म्हणजे जन्म कोर्टात घालवून एवढा न्याय कळू नये, हे कारकूनसाहेबांना कळलं नाही, मला कळलं. पण दुसरं कुणी फसू नये म्हणून आम्ही दोघींनी मिळून विकणाऱ्याच्या पानावर अभिप्राय लिहिला. एकेक शब्द ठरवून. "हार सोन्याचा नाही, पितळेचा आहे. काम उत्तम आहे."

कलम सहावं, यांची हत्यारं. फुंकणी, चिमटे, ऐरण, कानशी, सगळे ठसे, आणि तो तडकलेला ठसासुद्धा, वन्संना. भाता त्यांनी मारलेला आहे. भंगारवाल्याला मी मागच्या वर्षी दोनदा परत पाठवला होता, पुढच्या वर्षी म्हणून. त्यानं आता येऊ नये.

इथे एक अडचण झाली. वन्संना साक्षीदार म्हणून सही करायची होती, पेन उघडून बसल्या होत्या. कारकूनसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्यानं साक्षीदार व्हायचं नाही, पुढे वांधे होतात. वन्सं म्हणाल्या, "मग मला नको हत्यारं. सही करू दे. या घरात माझं बोट कुठे उमटलेलं नाही इतकी वर्षं." मी म्हटलं, हत्यारं तर तुम्हालाच. कारकूनसाहेबांनी डोकं खाजवलं, दोन बिस्किटं खाल्ली, आणि तोडगा काढला. तो खाली दिसेल.

कलम सातवं, राग. वन्संच्या यजमानांवरचा माझा संशय आजपासून रद्द. त्यांनी हाराला हात लावला नव्हता, हे वन्सं घरी जाऊन त्यांना सांगणार आहेत. त्यांना असा काही संशय होता हे माहीत असलं म्हणजे मिळवली. लेकीनं फोन काढून घेतला तो रागही रद्द, तिनं माझा फ्रिज वाचवला. सराफावर राग नाही. विकणाऱ्यावर आहे, पण थोडा, कारण त्याच्याशिवाय वन्सं आल्या नसत्या.

राहिले आमचे हे. एक शब्द बोलले असते तर आम्ही दोघी मिळून भांडलो असतो त्यांच्याशी, आणि चहाच्या वेळेपर्यंत मिटलं असतं. पण हे गडी रिकामी कानस चालवत बसले. बहिणीला सांगावं तर तिची ताठ मान खाली जाईल, बायकोला सांगावं तर तिला आपल्या जिवाची किंमत कळेल, म्हणून गप्प. यांच्यावर मी रागावले आहे. हा राग मी कुणाच्या नावावर करत नाही, तो माझ्याबरोबर नेणार आहे. भेटले की आधी भांडीन, मग हार दाखवीन.

माझी मयत साधी करावी, फार लोकांना ताटकळत ठेवू नये. हार माझ्या अंगावर ठेवू नये, लेकीला द्यावा असं वर लिहिलंच आहे.

वरचं सगळं मी स्वतः सांगितलं, स्वतः लिहिलं, परत वाचून घेतलं, आणि ते माझ्या मनासारखं आहे.

सही: माझी, नेहमीसारखी वर चढत गेलेली.

साक्षीदार पहिले: तळमजल्यावरचे कारकूनसाहेब. सही केली, आणि शाई वाळेपर्यंत फुंकर मारली.

साक्षीदार दुसरी: समोरच्या दारातली नर्सबाई. ड्यूटीवरून येता येता धरून आणली. माझं डोकं ठिकाणावर आहे असं तिनं तोंडी सांगितलं, रक्तदाब थोडा वाढलाय असंही सांगितलं.

हजर: माझी नणंद. साक्षीदार म्हणून नाही, वारस आहेत म्हणून. पण हजर होत्या, हे लिहून ठेवावं असं सर्वांचं मत पडलं. त्यांचीही सही आहे, सगळ्यांत मोठी.

ठिकाण: आमच्या स्वयंपाकघरातलं खिडकीजवळचं टेबल. वार मंगळवार, तारीख कारकूनसाहेब शिक्क्याच्या कागदावर घालतील. तो कागद घेऊन ते शुक्रवारी येणार आहेत. वन्संही शुक्रवारी येते म्हणाल्या. निघता निघता फोनवर त्यांनीच दाखवलं, एक बाजूबंद आलाय लिलावात, "जुना, सोनेरी", आणि हूक डावीकडे. शुक्रवारी दुपारी संपतोय. या वेळी दोघींनी मिळून एकच बोली लावायची आहे, ती भुंग्याच्या नावानं का वाघिणीच्या, यावर चपला घालेपर्यंत वाद चालला होता आणि अजून मिटलेला नाही. तेव्हा माझी शेवटची इच्छा अशी, की हे मृत्युपत्र निदान शुक्रवारपर्यंत तरी कुणाला उघडायला लागू नये.